घशाखाली गेलेलं औषध आवाजापर्यंत पोचत नाही

चैत्र लागला की या सदराकडे घशाच्या तक्रारी वाढतात. शाळा अजून सुटलेल्या नसतात, गावोगाव सप्ताह आणि जत्रा लागलेल्या असतात, मोंढ्यात माल येत असतो आणि हवा तापून कोरडीठाक झालेली असते. १६ एप्रिलला जागतिक आवाज दिनही असतो. म्हणून हा महिना सगळा आवाजालाच दिला आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून ५२ लेकरं, वर पत्रे. सोमवारी आवाज बरा असतो, गुरुवारपर्यंत पार बसतो, रविवारी जरा सुधारतो. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं. आता प्रार्थनेला वरचे स्वर लागतच नाहीत. वर्ष झालं. *– शिक्षिका, गेवराई तालुका*

उत्तर : ताई, आधी औषधांचं बोलू, कारण निम्म्या पत्रांत हीच यादी आहे. आपण गिळतो ते अन्ननलिकेतून जातं. आवाज तयार होतो तो श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्रात. गिळताना स्वरयंत्राचं झाकण पडतं आणि आतले स्वरतंतूही मिटतात. दूध काय, काढा काय, त्यांना शिवतसुद्धा नाही. शिवलंच तर ठसका लागतो. गुळणीचं पाणी तर पडजिभेच्या आसपासच फिरून परत येतं. या उपायांनी घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, खाकरावंसं वाटत नाही, एवढा फायदा खरा आहे. पण आवाज बसण्याचं कारण त्यांनी जात नाही. ज्येष्ठमधाबद्दल एक सावधगिरी: रोज बरंच खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते रोजचं करू नका.

आता कारण. स्वरतंतू म्हणतात खरं, पण ते तंतू नाहीत, मऊ आवरणाच्या दोन घड्या आहेत. बाईच्या आवाजात त्या एका सेकंदात सुमारे २०० वेळा एकमेकींवर आपटतात. शाळेच्या दिवसात प्रत्यक्ष आवाज फुटलेला वेळ दोनच तास धरला तरी १४ लाख ४० हजार वेळा. टाळ्या वाजवून तळहात लाल होतात तसंच हे. जोरात बोललं की आपटणं जास्त जोराचं होतं, घड्या सुजतात, जड होतात, आणि जड झालेली घडी भरभर हलत नाही. वरचे स्वर आधी जातात ते यामुळेच. रविवारची विश्रांती सूज उतरवते, सोमवार ती परत चढवतो. असं महिनोन्‌महिने चाललं की घडीच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाशी, जिथे आपटणं सगळ्यांत जास्त, दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्ट्यासारख्या गाठी येतात. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तशा. या गाठी कर्करोगाच्या नसतात, तिथपर्यंत घाबरू नका. पण तुमचं वर्षाचं दुखणं आहे, तेव्हा नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र एकदा बघून घ्याच. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळीकडे हा विभाग आहे. गाठी निघाल्या तरी पहिला उपचार शस्त्रक्रिया नसतो, स्पीच थेरपिस्टकडून आवाज वापरायची सवय बदलून घेणं हा असतो. सवय तीच ठेवून गाठ काढली तर ती पुन्हा येते.

वर्गात काय बदलता येईल? माणूस गोंगाटात नकळत आवाज चढवतो. शंभर वर्षांपूर्वी लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे दाखवून दिलं. म्हणजे ‘हळू बोलेन’ असं नुसतं ठरवून भागत नाही, गोंगाट कमी करावा लागतो. पत्र्याखालची खोली घुमते. खिडकीला, मागच्या भिंतीला जुनी सतरंजी किंवा गोधडी टांगली तर घुमणं बरंच कमी होतं. खडखडणाऱ्या पंख्याला तेल-पाणी करून घ्या. लेकरांना गप्प करण्यासाठी आवाज वापरायचाच नाही: घंटी, टाळीचा ठेका, हात वर. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, लिहून झालं की वळायचं, मग बोलायचं. दोन वर्ग एकत्र असल्याचा इथे फायदाच आहे. तिसरीला तोंडी चालू असताना चौथीला लेखी, आणि तासातली निदान दहा मिनिटं दोन्हीकडे लेखी, म्हणजे तुमची पूर्ण शांतता. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर घ्या, डोक्यावरून येणाऱ्या माइकचा. ‘एवढ्याशा वर्गाला भोंगा कशाला’ म्हणून लोक हसतील, हसू द्या. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं दूर, थेट समोर नको, नाहीतर श्वासाची फुरफुर ऐकू येते. स्पीकरचा आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसलेल्याशी बोलतो तसं बोललेलं शेवटच्या बाकावर पोचेल. पुष्कळ जण स्पीकर लावतात आणि सवयीने ओरडतातही. मग पैसे वाया गेले.

रोज सकाळी शाळेआधी आणि शाळा सुटल्यावर पाच-पाच मिनिटं नळीचा व्यायाम करा. सरबत प्यायची साधी नळी घ्या आणि अर्धा पेला पाणी. नळीचं टोक पाण्यात साधारण दोन सेंटीमीटर बुडवा. ओठ नळीभोवती घट्ट मिटा, गाल सैल सोडा आणि ‘ऊ’ असा हलका आवाज काढत बुडबुडे येऊ द्या. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटक आले तर तुम्ही जोर लावताय. एक श्वास एका स्वरावर, पुढचा श्वास खालून वर आणि वरून खाली घसरत, मग ओवीची किंवा प्रार्थनेची चाल शब्दांशिवाय त्याच नळीतून. मधूनच नाक चिमटीत धरून बघा: आवाज बंद पडला तर हवा नाकातून गळत होती. नळीमुळे तोंडात थोडा दाब तयार होतो आणि तो घड्यांना किंचित दूर ठेवतो; त्यामुळे त्या हलतात, पण जोरात आपटत नाहीत. घसा दुखला किंवा आवाज आणखी खरखरीत झाला तर व्यायाम चुकतोय, थांबा.

प्रश्न : सप्ताहात चाली म्हणतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन. काळी चारच्या खाली कुणी पेटी लावू देत नाही. पाचव्या दिवशी आवाज फाटतो. कीर्तनाआधी कुणी कापूर देतं, कुणी मिरे, एकदा इंजेक्शनही घेतलं. पुढच्या महिन्यात सलग तीन सप्ताह आहेत. *– गायक टाळकरी, जिंतूर*

उत्तर : महाराज, तुमची अडचण औषधाची नाही, वेळापत्रकाची आहे. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तिचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं, एक सप्तक वरचा तार षड्ज ४१५. पुरुषाचा बोलण्याचा आवाज १०० ते १३० च्या आसपास असतो. बोलण्याच्या तिप्पट-चौपट वेगाने घड्या हलवायच्या, तेही मागे मृदंग आणि वीस-पंचवीस टाळ असताना. टिपेची चाल ही वारकरी गाण्याची जान आहे, ती सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण ती दिवसातून तीनदा कशाला?

काकडा खाली घ्या. रात्रभर आडवं पडल्याने पहाटे घड्या किंचित सुजलेल्या असतात, म्हणून तर उठल्यावर आवाज खर्जातला लागतो. त्या वेळी काळी चारला हात घालणं म्हणजे न तापवता डफ वाजवणं. काकड्याला काळी दोन पुरे. हरिपाठाला मधली पट्टी, कीर्तनाला काळी चार. चौथ्या दिवसापासून कीर्तनालाही पांढरी पाच. अर्ध्या स्वराने खाली आलेलं श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही, घशाच्या मात्र येतं. चाली म्हणणारे दोघे असाल तर वरची तान आळीपाळीने घ्या. एकाच चालीत दोघांनी एकमेकांवर चढायचं ही स्पर्धा मंडपाला आवडते, खरं आहे, आणि आवाज फाटतात ते बहुतेक तिथेच.

ध्वनिक्षेपकाची मांडणी बघा. भोंगे गावाकडे तोंड करून आणि तुम्ही भोंग्यांच्या मागे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून जोर लागतो. मंडपवाल्याला सांगून एक छोटा बॉक्स तुमच्याकडे तोंड करून ठेवायला लावा, त्यात फक्त गायकांचा माइक सोडायचा, टाळ-मृदंग नको. ते जमलं नाही तर जुनी युक्ती आहेच: कानामागे तळहाताची ओंजळ. गायक कानावर हात ठेवतात ती नुसती ढब नव्हे, त्याने स्वतःचा आवाज खरोखर जास्त ऐकू येतो. माइक चार बोटांवर धरा. हातभर लांब धरून वर ओरडण्यात शौर्य नाही.

आता पंगत. कीर्तन अकराला संपतं, साडेअकराला तर्रीची आमटी आणि मिरचीचा ठेचा, बाराला मंडपातच सतरंजीवर आडवे, चारला काकडा. पोटातलं आम्ल आडवं पडल्यावर वर येतं आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागाला चाटून जातं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही. पुष्कळांना फक्त सकाळी घशात गोळा, सारखं खाकरणं आणि घोगरेपणा एवढंच जाणवतं. म्हणून जेवण हरिपाठाआधी उरका, भाकरी-वरण, साधी भाजी, आणि कीर्तनानंतर भूक लागलीच तर एखादं केळं. जेवण आणि झोप यांत तीन तास. घरी असाल तेव्हा खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवा, म्हणजे १५ सेंटीमीटर चढ येतो. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो.

कापूर, मिरे, मेंथॉलच्या गोळ्या यांनी घसा थंड किंवा बधिर वाटतो. दुखणं कळेनासं होतं आणि दुखत नाही म्हणून माणूस आणखी ताणतो. इंजेक्शनचंही तेच. ते स्टेरॉइडचं असणार. सूज काही तासांत उतरते, आवाज खुलतो, आणि सुजलेल्या घड्यांवर तुम्ही दोन तास काळी चार गाता. क्वचित, डॉक्टरने दुर्बिणीने घसा बघून, पुढे विश्रांती ठरवून दिलं तर ठीक. मंडपामागे उभ्या उभ्या घ्यायची ती चीज नाही.

कीर्तनाआधी दहा मिनिटं नळीचा व्यायाम (वर ताईंना सांगितला तो) आणि ओठ फुरफुरवत सरगम. लेकरं मोटारगाडी चालवताना काढतात तो आवाज. संपल्यावर तीच फुरफुर उलटी, वरून खाली, पाच मिनिटं. मग गप्प. कीर्तनानंतर चहाच्या टपरीवर तासभर रंगणाऱ्या गप्पा गाण्याइतक्याच महाग पडतात. आणि गप्प म्हणजे कुजबुजही नाही. ताणून कुजबुजताना स्वरयंत्र आवळलं जातं आणि विश्रांती मिळत नाही. बोलणं भागच असेल तर शेजाऱ्याशी हळू, पण खऱ्या आवाजात बोला.

सलग तीन सप्ताह? दोन घ्या. तिसऱ्यात पेटी धरा.

प्रश्न : मोंढ्यात लिलाव पुकारतो. परवा पुकारता पुकारता घशात काहीतरी ‘टचकन’ झाल्यासारखं वाटलं आणि आवाजच गेला. दुखत नाही. आता नुसती हवा येते. डायक्लोफेनॅक घेऊन काम चालू ठेवू का? *– लातूर*

उत्तर : नाही. तोंड मिटा आणि आज-उद्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ओरडताना आवाज एका क्षणात जातो तेव्हा घडीतली बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साकळलेलं असू शकतं. त्यात दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तपासणी होईपर्यंत एक शब्द नाही. कागदावर लिहा, मोबाइलवर टाइप करा. रक्तस्राव निघालाच तर साधारण आठवडाभर पूर्ण मौन आणि मग पुन्हा दुर्बीण. त्या अवस्थेत पुकारलं तर तिथे कायमचा व्रण किंवा फोड राहू शकतो, आणि व्रण पडलेली घडी पूर्वीसारखी हलत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही रक्त गोठण्यात अडथळा आणणारी औषधं आहेत, ती नकोत. काही दुखलंच तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा. परत कामावर जाल तेव्हा हातातला छोटा मेगाफोन घेऊन जा.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे. चाळीस वर्षं बिडी. दोन महिने आवाज घोगरा आहे. ‘तुरीच्या खळ्याची धूळ गेली’ म्हणतात. अधूनमधून कान दुखतो, पण कानात काही नाही असं डॉक्टर म्हणाले. *– उदगीर*

उत्तर : धुळीने बसलेला घसा दोन महिने बसून राहत नाही. सर्दी-खोकल्याने गेलेला आवाज दोन आठवड्यांत परततो. तीन आठवड्यांच्या वर घोगरेपणा राहिला तर कुणाचंही स्वरयंत्र बघायला हवं, आणि बिडी ओढणाऱ्याचं तर तातडीने. कान निरोगी असताना कान दुखणं हे घशातल्या दुखण्याचं लक्षण असू शकतं, कारण दोन्हीकडच्या संवेदना नेणाऱ्या नसा सामायिक आहेत. गिळायला त्रास, थुंकीत रक्त, मानेला गाठ, श्वास घेताना घरघर, यांतलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

स्वरतंतूवरचा कर्करोग असेल असं आम्ही पत्रावरून म्हणत नाही. पण असलाच तर त्यात एक सोय आहे: तो अगदी लहान असतानाच आवाज बदलतो, म्हणून लवकर सापडू शकतो. त्या टप्प्यावर नुसत्या किरणोपचाराने किंवा लेझरने बहुतेक रुग्ण बरे होतात, स्वरयंत्र काढावं लागत नाही. ही सोय लोक धुळीच्या नावावर घालवतात. डॉक्टर छातीचा एक्स-रेही काढायला सांगतील. घशाचा आणि छातीचा काय संबंध म्हणून तो टाळू नका. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळसा घालते आणि परत वर येते. छातीतल्या गाठीने ती दाबली गेली तरी बदलतो तो आवाजच.

प्रश्न : गोंधळाचे कार्यक्रम करतो. दम्याचा पंप सुरू झाल्यापासून आवाज खरखरतो. पंप सोडावा का? *– तुळजापूर*

उत्तर : पंप सोडू नका, दमा चढला तर गोंधळच काय, बोलणंही होणार नाही. पंपातलं स्टेरॉइड घशात आणि स्वरतंतूंवर बसतं, कधी कधी तिथे बुरशी धरते. पंप स्पेसर लावून घ्या (तो प्लास्टिकचा लांबट फुगा), म्हणजे औषध घशावर कमी आदळतं. प्रत्येक वेळी नंतर खळखळून चूळ भरायची, गुळणी करायची आणि पाणी थुंकायचं. पावडरचा पंप असेल तर प्रकार बदलता येईल का ते डॉक्टरला विचारा. संबळवाल्याला तुमच्या कानापासून दोन पावलं लांब उभं करा, तेवढ्यानेही फरक पडेल.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, शिवजयंतीला पोवाडा छान म्हणायचा. आता आवाज मध्येच फुटतो. घसा खराब झाला का? *– हिंगोली*

उत्तर : नाही हो, मुलगा मोठा होतोय. बाराव्या ते पंधराव्या वर्षांत मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब-जाड होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. मधले काही महिने त्याचा त्यालाच आवाज सापडत नाही. गाणं बंद करू नका, फक्त जुनी पट्टी सोडा. जिथे सहज लागतो तेवढ्या चार-पाच स्वरांत म्हणू द्या. १९ फेब्रुवारीला ओरडून पोवाडा म्हणायला लावू नका, वर्षभर डफ वाजवू दे. सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावरही आवाज बारीकच राहिला तर स्पीच थेरपिस्टकडे न्या. बहुतेकदा थोड्याच बैठकांत तो खाली उतरतो.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी किती प्यावं? वाफ कशी घ्यावी? दही, बर्फ, चहा बंद करावा का? *– परभणी, जालना, धाराशिव इथून आलेली अनेक पत्रं*

उत्तर : ४२ अंशांच्या उन्हात दिवसाला तीन लिटर, उन्हात काम असेल तर जास्त, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. लघवी फिकट असली की पुरेसं समजा. प्यायलेलं पाणी रक्तातून फिरून स्वरतंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेव्हा कार्यक्रमाच्या आधी तांब्याभर ढोसून काही होत नाही. सकाळपासून घोट घोट प्या. थेट घड्यांपर्यंत पोचते ती फक्त वाफ, कारण ती श्वासाबरोबर जाते. पातेलं खाली उतरवून स्थिर जागी ठेवा, तोंड हातभर दूर, साधं पाणी, पाच ते दहा मिनिटं, तोंडाने सावकाश श्वास. बाम किंवा निलगिरी टाकू नका, त्याने झोंबतं. लहान लेकरांना पातेल्याची वाफ नकोच. भाजण्याचा धोका असतो.

दही-बर्फाने स्वरतंतू बिघडत नाहीत. ज्याला दही खाल्ल्यावर चिकट वाटून खाकरावं लागतं त्याने कार्यक्रमाच्या दिवशी टाळावं, कारण खाकरणं हे घड्या एकमेकींवर आपटणंच आहे. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या किंवा नुसतं गिळा. चहाने घसा कोरडा पडतो असं जितकं सांगतात तितकं खरं नाही. दोन कप खुशाल घ्या, उकळून काळा केलेला आणि रिकाम्या पोटी मात्र नको, त्याने आम्ल वाढतं. एसीपेक्षा पाण्याचा कूलर आवाजाला बरा, हवा ओली ठेवतो. फक्त त्याच्या ताट्या दर मोसमात बदला, कुबट वास येऊ देऊ नका, आणि कूलरच्या घरघरीवरून दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलू नका. उठून जा, किंवा कूलर बंद करा.